‘नो ब्लू’ म्हणताना समोर निळी ओळ होती

प्रश्न विचारणारी मुलगी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, घेऊन आता एअरबसच्या टाइप रेटिंगला, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाला, बसली आहे. तिची तक्रार अशी, की सिम्युलेटरमध्ये फायनलवर, म्हणजे रनवेसमोरच्या उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, असताना इन्स्ट्रक्टर मुद्दाम मध्ये काहीतरी घुसवतात. कधी केबिन क्रूची घंटी वाजवतात, कधी एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, होऊन ऐन वेळी रनवे बदलतात, कधी सहज विचारल्यासारखं विचारतात, ‘इंधन किती राहिलंय गं?’ ती उत्तर देते, तेवढ्यात चेकलिस्टमधली एखादी ओळ सुटते आणि सेशन तिथेच थांबतं. तिचं म्हणणं, ऑटोपायलट आहे, इतक्या वॉर्निंग आहेत, शेजारी दुसरा पायलट आहे. मग पाच-दहा सेकंद लक्ष दुसरीकडे गेलं तर एवढं काय बिघडतं? आणि जो पायलट गप्पा मारत नाही, फोन बंद ठेवतो, त्याचं लक्ष जाईलच कशाने?

मी सव्वीस वर्षं प्रवासी विमानं उडवतोय आणि त्यातली अकरा वर्षं शिकवतोय. तुझे इन्स्ट्रक्टर जे करतात तेच मीही करतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी देणं लागतो.

आधी दहा सेकंदांचा हिशोब मांडू. ए-३२० फायनलवर साधारण १४० नॉट्सने येतं, म्हणजे ताशी २६० किलोमीटर, सेकंदाला ७२ मीटर. तीन अंशांच्या उतारावर ते मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट खाली येतं. हजार फुटांवरून जमिनीला टेकायला जेमतेम ऐंशी सेकंद लागतात. म्हणजे तुझ्या दहा सेकंदांत विमान पाऊण किलोमीटर पुढे आणि सव्वाशे फूट खाली गेलेलं असतं. पस्तीस हजार फुटांवर दहा सेकंद म्हणजे काहीच नाही, तिथे कॉफीचा कप नीट ठेवायलाही तेवढे लागतात. हजार फुटांवर मात्र तो उरलेल्या वेळाचा आठवा हिस्सा आहे.

पण खरी गोष्ट त्या दहा सेकंदांत नाही. लक्ष जातं तेव्हा फारसं काही बिघडत नाही. ते परत येतं तेव्हा बिघडतं. परत आलेल्या माणसाला वाटतं, आपण जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चाललोय.

घरातलं उदाहरण देतो. आमटी उकळतेय, मीठ घालायचंय, हात डब्याकडे गेलाय आणि फोन वाजला. दोन मिनिटं बोलून तू परत आलीस. मीठ घातलं की नाही? बहुतेक वेळा तुला प्रश्नच पडत नाही. घातलंच आहे असं वाटतं, कारण डब्याकडे गेलेला हात आठवतो, काल मीठ घातल्याचं आठवतं, परवाचंही आठवतं, आणि ही सगळी आठवण आजच्या आमटीला चिकटते. जी गोष्ट आपण हजार वेळा केलेली असते, ती आत्ता केली की नाही हे सांगण्यात आपला मेंदू फार कच्चा आहे. कॉकपिटमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपण हजार वेळा केलेली असते. आमटी चाखून तरी कळते. फायनलवर चाखायला वेळ नसतो.

शिवाय आपली कामं कशाला तरी बांधलेली असतात. ग्लाइडस्लोप, म्हणजे रनवेकडे नेणारी उताराची रेडिओ-वाट, जवळ आला की गिअर (चाकं), वेग अमुक झाला की पुढचे फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा). आठवण करून देणारी ती खूण क्षणभर दिसते आणि निघून जाते. त्याच क्षणी तू दुसरीकडे पाहत असशील, तर ती खूण पुन्हा येत नाही. विसरलेल्या कामाची आठवण करून देणारं आता समोर काहीच उरलेलं नसतं.

२७ मे २०१०, जेटस्टारचं एक ए-३२१ डार्विनहून सिंगापूरला येत होतं. फर्स्ट ऑफिसर विमान उडवत होता, कॅप्टन मॉनिटरिंगला, म्हणजे लक्ष ठेवायला आणि रेडिओ सांभाळायला, होता. अडीच हजार ते दोन हजार फुटांच्या दरम्यान कॅप्टनचा मोबाइल वाजू लागला, मेसेजमागून मेसेज. फर्स्ट ऑफिसरने ऑटोपायलट काढला आणि मिस्ड अप्रोचची, म्हणजे उतरणं सोडावं लागलं तर गाठायची, उंची लावायला सांगितली. उत्तर आलं नाही. पुन्हा सांगितलं. मग बघितलं तर कॅप्टन फोनमध्ये गुंतलेला, म्हणून त्याने ती उंची स्वतःच लावली. कॅप्टन फोन बंद करायचा प्रयत्न करत होता आणि त्यासाठी आधी तो अनलॉक करत होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो कुणाशी बोलत नव्हता, काही वाचत नव्हता, व्यत्यय थांबवायला गेला होता. या सगळ्यात गिअर खाली घ्यायचा राहिला. लँडिंग चेकलिस्टही राहिली. हजार फुटांच्या सुमारास फर्स्ट ऑफिसरने सगळी उपकरणं नजरेखालून घातली आणि त्याला वाटलं, काहीतरी बरोबर नाहीये, पण काय ते सापडेना. सातशे फुटांच्या आसपास गिअरची वॉर्निंग वाजली. कॅप्टनने पटकन लिव्हर खाली केला, फर्स्ट ऑफिसरच्या मनात मात्र गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, होता. काही सेकंद एकाच कॉकपिटमधले दोघं दोन वेगळ्या विमानांत होते. शेवटी विमान ३९२ फुटांपर्यंत येऊन पुन्हा वर गेलं. कुणालाही खरचटलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने त्यावर सविस्तर अहवाल काढला. मी प्रत्येक बॅचला आधी हाच अहवाल वाचायला देतो, कारण त्यात दोघंही जिवंत आहेत आणि आपल्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगू शकतात.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नीट, शिस्तशीर पायलटचं लक्ष जातं कशाने? उत्तर एका शब्दात: कामाने. बहुतेक वेळा लक्ष खेचणारी गोष्ट कामाचाच भाग असते. नासाच्या संशोधकांनी पायलटांनी स्वतःहून कळवलेले शंभरावर प्रसंग तपासले होते. त्यांत पुन्हा पुन्हा चारच गोष्टी आल्या: बोलणं, मान खाली घालून करायचं काम, बाहेर दुसरं विमान शोधणं आणि एखादा बिघाड हाताळणं. यातलं एकही काम चुकीचं नाही. प्रत्येक काम करायलाच हवं असतं, फक्त त्या क्षणी, दोघांनी मिळून करायचं नसतं.

बिघाडाचं उदाहरण सगळ्या जगाला माहीत आहे, तरी सांगतो. २९ डिसेंबर १९७२, ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१, लॉकहीड ट्रायस्टार, मायामीला उतरत होतं. गिअर खाली घेतला, पण नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. विमान दोन हजार फुटांवर नेलं, ऑटोपायलट लावला आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर दिव्याचा डबा काढायच्या खटपटीत, फ्लाइट इंजिनिअर चाक डोळ्यांनी बघायला खालच्या कप्प्यात उतरलेला, जंपसीटवरचा, म्हणजे मागच्या जादा खुर्चीवरचा, मेन्टेनन्सचा माणूसही त्यात. कुठल्यातरी क्षणी कंट्रोल कॉलमला धक्का लागून ऑटोपायलटने उंची धरणं सोडलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष आहे. विमान इतक्या अलगद खाली यायला लागलं, की अंगाला काही जाणवलं नाही. खाली एव्हरग्लेड्सची दलदल होती, काळोखी रात्र, बाहेर एकही दिवा नाही. उंची सुटल्याचा इशारा वाजला, पण इंजिनिअरच्या रिकाम्या खुर्चीपाशी. रडारवर कंट्रोलरला ९०० फूट दिसले आणि त्याने विचारलं ते ‘कसं चाललंय तिकडे?’ एवढंच. त्याने उंचीचा आकडा उच्चारला असता तर, असं मला दरवेळी वाटतं. १७६ जणांपैकी १०१ जण गेले. चाक खाली होतं, लॉकही झालेलं होतं. फक्त बल्ब गेला होता.

या अपघातातून मी एकच धडा काढतो आणि तो सिममध्ये कडकपणे पाळायला लावतो. बिघाड आला की आधी मोठ्याने ठरवायचं, विमान कोण उडवतंय. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणणाऱ्याने मग त्या बल्बकडे बघायचंही नाही. त्या रात्री चार अनुभवी माणसं होती आणि विमानाकडे एकही नव्हता.

पोर्टलंडला १९७८ मध्ये असंच झालं. युनायटेडचं डीसी-८ गिअरच्या तक्रारीत इतका वेळ घिरट्या घालत राहिलं, की शेवटी इंधन संपलं. दहा जण गेले. त्यानंतर अमेरिकेत क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं, म्हणजे कॉकपिटमधल्यांनी एकमेकांशी बोलून मिळून काम करण्याचं, शिक्षण उभं राहिलं, जे आज तुला वर्गात कंटाळवाणं वाटत असेल.

गप्पांबद्दल थोडक्यात. सप्टेंबर १९७४ मध्ये शार्लटला धुक्यात उतरताना ईस्टर्नचंच एक डीसी-९ रनवेच्या अलीकडे कोसळलं. कॉकपिटमध्ये राजकारण आणि जुन्या मोटारींच्या गप्पा चालू होत्या. अशा अपघातांमुळे १९८१ मध्ये अमेरिकेत ‘स्टराइल कॉकपिट’चा नियम आला: दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेलं बोलणं नाही, काम नाही. आपल्याकडेही तो पाळला जातो. तरी फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गनच्या विमानात दहा हजार फुटांखाली नोकरीच्या आणि अनुभवाच्या गप्पा चालू राहिल्या, वेग पडत गेला तो दोघांच्याही लक्षात आला नाही, आणि ५० जण गेले. नियम चांगला आहे. पण त्याने गप्पा थांबतात, बल्ब थांबत नाही.

वॉर्निंगचं काय, हा तुझा मुद्दा रास्त आहे. मलाही उमेदीच्या काळात वाटायचं, एवढ्या मोठ्या आवाजात घंटा वाजली तर बहिरासुद्धा दचकेल. तसं होत नाही. डोळे आणि डोकं एखाद्या गोष्टीत पूर्ण गुंतलं, की कान आधी बंद होतो. आवाज कानावर पडतो, मनापर्यंत पोचत नाही. २२ मे २०२० ला कराचीत पीआयएचं ए-३२० फार उंचावरून, फार वेगाने फायनलवर आलं. एकदा खाली घेतलेला गिअर पुन्हा वर गेला होता. कंट्रोलरने उंची जास्त असल्याचं सांगितलं होतं. वॉर्निंग वाजत होत्या. प्राथमिक अहवालानंतर तिथल्या मंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की दोघंही कोरोनाबद्दल बोलत होते. घरच्यांची काळजी होती. विमान चाकांशिवाय रनवेवर टेकलं, इंजिनं घासली, पुन्हा वर गेलं आणि थोड्या वेळाने दोन्ही इंजिनं बंद पडली. विमानातले ९७ जण गेले, दोघं वाचले. त्या महिन्यात आपल्यापैकी कोण कोरोनाबद्दल बोलत नव्हतं? म्हणून त्या दोघांना वेडे ठरवून मोकळं होता येत नाही.

डोळ्यांचंही तेच. १९८० च्या सुमारास नासाने सिम्युलेटरमध्ये एक प्रयोग केला. समोरच्या काचेवर माहिती दिसणारा हेड-अप डिस्प्ले देऊन व्यावसायिक पायलटांना उतरायला सांगितलं आणि न सांगता रनवेवर दुसरं विमान आडवं घातलं. आठांपैकी दोघांना ते विमान दिसलंच नाही. ते त्याच्यावरच उतरले असते. डोळे उघडे होते आणि समोरच होते.

हे वाचून तुला अजूनही वाटेल, की हे दुसऱ्यांचं झालं. म्हणून माझं सांगतो.

जुलैची रात्र, मुंबई, रनवे २७, धो धो पाऊस, ढगांतून खाली येत होतो. तरुण फर्स्ट ऑफिसर विमान उडवत होता, मी मॉनिटरिंगला. फ्लॅप्स तीनवर होते. तो म्हणाला, ‘फ्लॅप्स फुल,’ आणि त्याच क्षणी रेडिओवर टॉवरने आम्हाला हाक दिली, पुढचं विमान रनवे सोडायला वेळ घेतंय, वाऱ्याचा आकडा अमुक. मी टॉवरला उत्तर दिलं. नीट, स्वच्छ, नियमाप्रमाणे. उत्तर दिलं तेव्हा माझा हात फ्लॅप लिव्हरवरून उठून आलेला होता. मग त्याने लँडिंग चेकलिस्ट मागितली. तू आता हीच चेकलिस्ट पाठ करते आहेस. शेवटची ओळ ईकॅम मेमोची, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या तयारीच्या यादीची. जे झालं ते हिरवं, जे राहिलं ते निळं, आणि सगळं झालं असेल तर उत्तर द्यायचं, ‘लँडिंग, नो ब्लू.’ मी मधल्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणालो, ‘लँडिंग, नो ब्लू.’ तिथे फ्लॅप्सची ओळ निळी होती.

मी खोटं बोललो नाही. मला निळं दिसलंच नाही. अनेक वर्षं तिथे सगळं हिरवं बघायची सवय होती, तेच दिसलं. आणि फर्स्ट ऑफिसरने फ्लॅप्स मागितले होते, म्हणजे ते झालेच, असं त्याने धरलं. हजार फुटांच्या कॉलच्या जरा आधी तो म्हणाला, ‘सर, वेग खाली का येत नाहीये?’ त्या एका वाक्याने आम्ही वाचलो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. तीनच्या फ्लॅप्सवरही ते विमान उतरतं. पण ओल्या रनवेवर, ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने, हिशोब एका फ्लॅप्सचा आणि विमान दुसऱ्या फ्लॅप्सवर, हे मला नको होतं. गो-अराउंड केला. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा आलो. उतरताना एक आजोबा जिन्याजवळ थांबून म्हणाले, ‘मगाशी वर का नेलंत हो?’ मी खरं ते सांगितलं: ‘काका, माझी एक तयारी राहिली होती.’ त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली.

त्यात रेडिओवर बोलणारा कंट्रोलर चुकला नव्हता. मीही त्याला उत्तर देण्यात चुकलो नाही. चुकलो ते हातातलं सोडून उत्तर देण्यात, आणि परत आल्यावर ‘मी कुठे होतो?’ असं स्वतःला न विचारण्यात. रेडिओवर हाक आली की लगेच उत्तर द्यायची आपल्याला इतकी सवय लावलेली असते, की ते देणं म्हणजे शिष्टाचार वाटतो. १९८९ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थला पडलेल्या ब्रिटिश मिडलंडच्या ७३७ चं हेच झालं. डावं इंजिन बिघडलं होतं आणि बंद केलं गेलं उजवं. कॅप्टनने एकदा थांबून, आपल्याला नक्की काय काय दिसलं होतं, याची उजळणी सुरूही केली. तेवढ्यात रेडिओवर बोलणं आलं. उत्तर देऊन झालं आणि उजळणी पुन्हा सुरू झालीच नाही. विमान रनवेच्या अगदी जवळ येऊन पडलं, ४७ माणसं गेली. ते वाक्य पूर्ण झालं असतं तर चूक सापडण्याची संधी होती, एवढं नक्की म्हणता येतं.

आपल्या मराठी माणसांना कोळिकोडची एअर इंडिया एक्स्प्रेसची दुर्घटना जवळची वाटते. ७ ऑगस्ट २०२०, मूळ नागपूरचे कॅप्टन दीपक साठे. खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले, हवाई दलातून आलेले वैमानिक. मुसळधार पाऊस, टेबलटॉप रनवे, म्हणजे टोकाला दरी असलेला. पहिल्या अप्रोचमध्ये त्यांच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला आणि गो-अराउंड झाला. दुसऱ्या वेळीही त्याने नीट साथ दिली नाही. त्या वेळी उतरायचं ते पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात, रनवे १० वर. ८,८५८ फुटांच्या रनवेवर विमान टेकलं ते ४,४३८ फुटांवर. एकवीस जण गेले, त्यात दोन्ही पायलट. तपास अहवालाने कारणं म्हणून प्रमाण पद्धती न पाळणं, अस्थिर झालेला (वेग किंवा उतार ठरल्याप्रमाणे नसलेला) अप्रोच आणि दुसऱ्या पायलटने गो-अराउंड म्हणूनही पुढे जाणं सांगितलं. ते मला मान्य आहे. पण पावसात नीट फिरत नसलेला वायपर डोळ्यांसमोर असताना वारा, वेग आणि सरकत जाणारा रनवे यांना किती लक्ष उरतं, हे ज्याने असा पाऊस कॉकपिटमधून पाहिला आहे त्याला विचार. वायपर म्हणजे कॉकपिटमधली सगळ्यात साधी यंत्रणा.

बाहेरून येणारंही असतं. पुण्यात लोहगावला शहराच्या बाजूने रात्री उतरताना, विशेषतः गणपतीच्या दिवसांत, मिरवणुकीतले लेझर आणि बीमचे झोत कॉकपिटमध्ये शिरतात. एकदा हिरवा लेझर माझ्या डोळ्यांवर आला. तो सेकंदभरच होता. पण त्यानंतर जिकडे बघावं तिकडे एक डाग, रनवेचे दिवे त्याच्याआड. फर्स्ट ऑफिसरकडे कंट्रोल दिलं, मी मान खाली घातली. त्याने विमान उतरवलं. मुंबई-पुण्यात पोलीस अशा झोतांवर बंदीचे आदेश काढतात. माझी मंडळांना कळकळीची विनंती आहे, विमानतळाच्या परिसरात तरी झोत आकाशाकडे वळवू नका.

आणि सगळ्यात अवघड ते मनात बसलेलं. मार्च २०१८ मध्ये काठमांडूला यूएस-बांगलाचं विमान पडलं, ७१ पैकी ५१ जण गेले. नेपाळच्या अहवालात कॅप्टनच्या मनावरचा ताण, विमानातच त्याचं रडणं, सिगारेट ओढणं, सतत बोलत राहणं हे सगळं आलं आहे. एका सहकाऱ्याने त्याच्या शिकवण्यावर शंका घेतली होती, ती त्याला लागली होती. याला घंटी नसते. शेजारी बसलेल्याला दिसतं, पण बोलायचं कसं ते कळत नाही. घरात आजारपण असेल, भांडण झालं असेल, तर ड्युटीला निघण्याआधी सांगायला लाजू नकोस. मी दोनदा सांगितलं आहे. दोन्ही वेळा रोस्टरवाल्याने शांतपणे दुसरा माणूस दिला.

शेजारी दुसरा पायलट असतो, हा तुझा मुद्दा राहिलाच. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास यंत्रणेने १९९४ मध्ये ३७ मोठ्या अपघातांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ३१ मध्ये दुसऱ्याने लक्ष ठेवणं किंवा टोकणं कमी पडलं होतं. आपल्याकडे तर ‘सर’ म्हणून सुरू होणारं वाक्य ‘सर’वरच संपायची भीती असते. माझ्या त्या मुंबईच्या रात्री पोराने काय चुकलं ते सांगितलं नव्हतं, कारण त्याला माहीत नव्हतं. त्याने फक्त विचारलं, वेग खाली का येत नाहीये. जेटस्टारच्या फर्स्ट ऑफिसरलाही वाटलं होतं, की काहीतरी बरोबर नाही. ते वाटणं हेच पुरेसं कारण आहे. काय चुकलंय हे सापडेपर्यंत थांबू नकोस, ‘सर, काहीतरी बरोबर वाटत नाहीये’ एवढं म्हण. ते ऐकून चिडणारा कॅप्टन तुला भेटेल. तरीही म्हण.

आता करायचं काय. जी कामं आधी होतात ती वरच उरक. रनवे, मिस्ड अप्रोच, फ्लॅप्स कोणते, ब्रेक कोणता, हे सगळं उतरायला सुरुवात करण्याआधी बोलून झालं पाहिजे. ऐन वेळी रनवे बदलला आणि बॉक्समध्ये, म्हणजे विमानाच्या संगणकात, सगळं नव्याने भरायचं असेल, तर एकाने मान खाली घालायची आणि तसं बोलून दाखवायचं, दुसऱ्याने नजर वर ठेवायची. वेळ पुरत नसेल तर ‘अनेबल’, म्हणजे ‘जमणार नाही’, म्हणायचं आणि वेक्टर, म्हणजे वळसा घालायला दिशा, मागायचे. मुंबईत संध्याकाळच्या गर्दीत ते म्हणायला संकोच वाटतो. पण कंट्रोलरला तुझं ‘अनेबल’ सोयीचं पडतं, तुझा अर्धवट अप्रोच पडत नाही.

हाताचा उपयोग कर. लिव्हर धरला असेल आणि मध्ये कुणी बोललं, तर हात तिथेच ठेव. हात जागेवर असला की कुठे होतो हे आठवावं लागत नाही. चेकलिस्ट तुटली की जिथे तुटली तिथून जोडू नकोस, पहिल्या ओळीपासून पुन्हा. आठ-दहा सेकंद जातात, जाऊ देत. आणि निळी ओळ बघताना ‘निळं नाही ना’ असं बघू नकोस, एकेक ओळ वाच. मी त्या रात्रीपासून प्रत्येक ओळीवरून बोट फिरवतो. नवे फर्स्ट ऑफिसर बघत राहतात, मग तेही फिरवायला लागतात.

हजार फुटांवर जे ठरलंय ते झालेलं नसेल, तर गो-अराउंड. इथे माणसं फार कचरतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात अस्थिर अप्रोचपैकी सुमारे ९७ टक्के तसेच पुढे नेऊन उतरवले जातात असं दिसलं. तसं उतरलेलं विमान बहुतेकदा सुखरूप उतरतं, हीच अडचण आहे, कारण त्यातून पुढच्या वेळीही चालेल असं शिकणं होतं. गो-अराउंडबद्दल तुला कुणी कारण विचारलं तर एका ओळीत लिहून दे, इंधन किती जास्त गेलं याचा विचार करत बसू नकोस.

पुढच्या सेशनला तुझे इन्स्ट्रक्टर पुन्हा घंटी वाजवतील. विमान तू उडवत असशील तर ऐकलीस तरी वळू नकोस, तो फोन तुझा नाहीच. मॉनिटरिंगला असशील तर हात फ्लॅप लिव्हरवर ठेव, फ्लॅप्स जागेवर आलेले आकड्यात बघ आणि बोल, मग केबिनला ‘स्टँडबाय’ सांग, आणि चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून वाचायला घे. ते मध्येच पुन्हा वाजवतील. तूही पुन्हा पहिल्या ओळीपासून घे.